दोन आणे

जनू आणि मास्तर मुंबईला गेले होते, आणि मी पडवीत सुकेळ्यांच्या पुड्या बांधत मनात एकच मागणं मागत होते, की कॉलेजातल्या त्या टेबलामागे आज तो कारकून नसावा. जनूला जागा मिळावी, हे मी मागत नव्हते. कारकून रजेवर असावा, आजारी असावा, त्याची बदली झालेली असावी. एकदा तर तो मेला असला तरी बरं, असंही मनात येऊन गेलं, आणि तेव्हाच हातातली दोरी तुटली. पुडी सुटून सुकेळी जमिनीवर पडली. आई आतून म्हणाली, "सावकाश बांध. ते येतील तेव्हा येतील." तिला वाटत होतं, मला भावाची काळजी लागली आहे. त्या दिवशी ती माझ्याशी फार मऊ आवाजात बोलत होती आणि मी ते ऐकून घेत होते. आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या, पण बाकीच्या सगळ्या चारचौघांसमोर केल्या. ही एक झाकून केली. म्हणून लाजही हिचीच आहे.

जनू माझा भाऊ, माझ्याहून वर्षानं लहान. आमचं घर भुईगावात. पुढे पडवी, मधे माजघर, मागे चूल, आणि चुलीच्या मागच्या दारातून पाय बाहेर टाकला की वाडी. वाडी म्हणजे केळीची बाग, कडेनं नारळ, विहिरीपाशी थोडी फुलझाडं. पहाटे रहाट सुरू व्हायचा. त्याची कुरकुर इतकी अंगवळणी पडली होती की ती चालू असताना आम्हाला ऐकू यायची नाही, थांबली की सगळे दचकायचे. थांबली म्हणजे बैल थांबला, आणि बैल थांबला म्हणजे जनू पुस्तक वाचत बसला. तो रहाटाच्या दांडीवर बसून गणितं करायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पडवीतून नुसतं खाकरायचे. मग पुन्हा कुरकुर सुरू. आईला दमा होता. ती बसून करता येतील तेवढी कामं करायची. बाकीची माझ्याकडे होती. आमच्या घरातली बोली निराळी. ती जशीच्या तशी लिहिली तर माझ्या नातवंडांना वाचता येणार नाही, म्हणून इथं सगळ्यांना मी शाळेतलं मराठी बोलायला लावलं आहे. त्यात त्यांचा थोडा खरेपणा गेला, त्याला इलाज नाही.

राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, की त्यांची सुकेळी होतात. वाळक्या केळीच्या पानात त्यांच्या पुड्या बांधायच्या. माघापासून वैशाखापर्यंत आमच्या घराला, कपड्यांना, अंथरुणालासुद्धा तो गोड, जड वास असायचा. बाहेरचे लोक म्हणत, काय छान वास येतो तुमच्याकडे. मला त्या वासानं मळमळायचं. रोज रात्री हात चिंचेनं धुतले तरी तो जायचा नाही.

माझं एक कौतुक होतं घरात. मला अंदाज यायचा. कोठीत पिकायला घातलेल्या केळ्यांत कोपरापर्यंत हात घातला की आतल्या उबेवरून मी सांगायचे, परवा निघतील. परवाच निघायची. अण्णांना तर बागेचा अंदाज हवा असायचा, कारण उभी बाग व्यापाऱ्याला उक्ती द्यायची असायची, म्हणजे घड मोजून नाही, नजरेनं ठरवून. अण्णा मला वाडीतून एक फेरी मारायला लावत आणि विचारत, "यमू, किती आणे?" सोळा आणे म्हणजे भरलेली बाग, आठ आणे म्हणजे अर्धी गेली. मी पाटापाटानं आतपर्यंत जायचे, सावलीतली झाडं बघायचे, वाऱ्यानं कलंडलेली बघायचे, आणि सांगायचे अकरा आणे, नाहीतर साडेबारा. व्यापारी मात्र वाटेवर उभा राहून बघायचा. वाटेकडच्या ओळीला अण्णा मुद्दाम जास्त खत घालत, सगळ्यात मोठे घड तिथंच लागत. व्यापारी ते बघून बागेला चौदा आणे धरायचा, अण्णा गप्प बसायचे, आणि तो गेल्यावर आम्ही दोघं हसायचो. मी बारा वर्षांची असल्यापासून अण्णा कुठलीही गोष्ट मला आण्यांत विचारत. गाय यंदा गाभण राहील का, किती आणे? आत्याकडचं लग्न वेळेवर लागेल का, किती आणे? माझं उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्याचा मला गर्व होता. मोठा गर्व होता.

शाळा माझी चौथीला सुटली. चौथीत मी पहिली आले होते आणि जनू तिसरीत मधेच कुठेतरी होता. त्याच वर्षी आईचा दमा वाढला, सोलायला माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी झाले. कोणी मारून काढलं नाही, रडारड झाली नाही. एके दिवशी पाटी जनूकडे गेली. मी तेव्हा काही बोलले नाही. लोक समजतात, मूल बोललं नाही म्हणजे त्याला काही वाटलं नाही. पुढे जनू गणितात चमकायला लागला. मास्तर घरी येऊन त्याची स्तुती करून जायचे, आणि मी आत भाकऱ्या थापत मनात म्हणायचे, ती पाटी माझी होती.

हे मास्तर म्हणजे जनूच्या हायस्कूलचे हेडमास्तर, सायकलवरून हिंडणारा किडकिडीत माणूस. जनू मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनीच डोक्यात घातलं की याला मुंबईच्या कॉमर्स कॉलेजात घाला. व्यापाराचं शिक्षण देणारं ते मोठं कॉलेज, तिथून बाहेर पडलेला मुलगा कंपनीत, बँकेत, नाहीतर स्वतःच्या पेढीवर बसतो, असं मास्तर सांगत. पण तिथं जागा थोड्या आणि अर्ज फार. शिवाय नुसत्या मार्कांवर घेत नाहीत, मुलाखत घेतात, तीही इंग्रजीत. तेव्हापासून आमच्या पडवीत दुसरा विषय उरला नाही. जो येई तो जनूच्या जागेचा अंदाज करी. शेजारचे काका म्हणत, वशिला नसेल तर अर्जाचा कागद फुकट. मामा म्हणत, मार्क आहेत तर कोण अडवतो. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी मारीमावशी टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "तुमचा जनू सायब होनार, मंग माजी मासली कोन घेनार? सायबाला काट्याची मासली नाय चालत." जनू लाजून वाडीत पळायचा. त्याला जायचं होतं. तो तोंडानं सांगायचा नाही, पण त्या दिवसांत तो बैलाशी इंग्रजीत बोलायचा. मी ऐकलं आहे. 'गो ऑन, प्लीज' असं म्हणायचा त्याला.

आईनं मात्र एकदा चुलीपाशी साफ सांगितलं. आगाशीचं एक स्थळ माझ्यासाठी थांबलं होतं. आई म्हणाली, जनू गेला तर रहाटावर कोण, मांडवावर कोण? अण्णांची कंबर गेलेली, मी ही अशी. तुझं लग्न मग दोन-तीन वर्षं पुढे ढकलावं लागेल, ते लोक थांबले तर थांबले. ती वाईट बुद्धीनं बोलली नाही, होतं ते बोलली. मी मान हलवली आणि भाकरी उलटली. मी अठरा वर्षांची होते. तो मुलगा मी एकदाच लांबून पाहिला होता. मला तो आवडला होता असंही नाही. मला त्या वासातून बाहेर पडायचं होतं.

मुलाखतीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात दुसरंही पत्र आलं. जनूनं मास्तरांच्याच सांगण्यावरून शाळाखात्याकडेही अर्ज करून ठेवला होता. भुईगावच्या पुढच्याच गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षकाची जागा त्याला मिळत होती. घरून जाऊन येऊन करता येणारी. पण मंगळवारपर्यंत ठाण्याच्या कचेरीत मॅट्रिकचं मूळ सर्टिफिकेट जमा करून रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. कॉलेजची मुलाखत त्याच्या आधीच्या शुक्रवारी होती आणि यादी लागायची होती त्याच्या नंतरच्या गुरुवारी. कॉलेजालाही तेच मूळ सर्टिफिकेट हवं होतं. म्हणजे यादी लागायच्या आधी ठरवायचं होतं. हातातली नोकरी सोडून थांबायचं, का नोकरी धरून यादीकडे पाठ फिरवायची. अण्णा दोन दिवस विचार करत बसले. मग मला म्हणाले, "तू चल आमच्याबरोबर मुंबईला. मला काय कळणार तिथलं? तू एक फेरी मारून बघ आणि मला सांग."

आम्ही तिघं गेलो. ओळखीच्यांना द्यायला म्हणून आईनं सुकेळ्यांची टोपली दिली होती. कॉलेजाची दगडी इमारत होती, मोठा व्हरांडा, आणि व्हरांड्यात मुलं. मी तशी मुलं पाहिली नव्हती. इस्त्रीची पँट, पायात बूट, खिशाला पेन. एकमेकांना नावानं ओळखत होती, इंग्रजीत हसत होती. एकाचे वडील त्याला मोटारीनं सोडून गेले. जनूनं धुतलेला पायजमा आणि अण्णांचा कोट घातला होता. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या, आणि वाटेतल्या चिखलाचे शिंतोडे पायजम्यावर वाळले होते. तो भिंतीला टेकून उभा राहिला. अण्णांनी एकदा सगळीकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "मी बाहेर जाऊन विडी ओढून येतो." ते घाबरले होते. त्यांना तिथं उभं राहवेना.

मी पायरीवर टोपली मांडीशी घेऊन बसले. थोड्या वेळानं एक कारकून कागदांचा गठ्ठा घेऊन दारातल्या टेबलाशी येऊन बसला आणि नावं पुकारायला लागला. जनू आत गेला. कारकुनानं टोपलीकडे बघून विचारलं, "सुकेळी का?" त्याची सासुरवाडी आमच्या जवळच्याच पापडी गावची निघाली. मी त्याला एक पुडी दिली. तो घेईना, मग घेतली, खणात ठेवली, आणि कोणासाठी आला आहात म्हणून चौकशी केली. मी नाव सांगितलं. त्यानं गठ्ठ्यातून जनूचा अर्ज काढला, बोट फिरवत वाचला. म्हणाला, "गणितात एवढे मार्क आज इथं उभ्या असलेल्यांत दोघा-तिघांनाच असतील. हे बुटाफुटाकडे बघू नका बाई. यातले निम्मे नुसते बघायला आलेत. तुमचा भाऊ आत अगदीच मुका राहिला नाही, तर त्याचं नाव लागेल असं समजा. गुरुवारी यादी बघायला कोणीतरी नक्की या. पोस्टानं कळवत नाहीत. आणि शनिवारपर्यंत येऊन जागा धरली नाही, तर खालचा वर सरकतो." मी म्हटलं, हो. त्यानं पुन्हा म्हटलं, "विसरू नका. गुरुवार." मी पुन्हा म्हटलं, हो.

जनू बऱ्याच वेळानं बाहेर आला. बाकीची मुलं आत जाऊन लगेच येत होती, तो येईचना. आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. एका प्रश्नाला त्याला उत्तर आलं नव्हतं, म्हणजे प्रश्नच नीट कळला नव्हता. मग त्यांनी विचारलं, वडील काय करतात. यानं केळी सांगितली. मग ते केळ्यांवरच विचारत बसले. बाग उक्ती देतात म्हणजे काय करतात, नुकसान कोणाचं, माल नासला तर काय. यानं मोडक्या इंग्रजीत, मधे मधे मराठीत सगळं समजावून सांगितलं. एक जण हसलासुद्धा. "थट्टा केली असेल," जनू म्हणाला. मला मात्र तिथंच कळलं. ज्याला माल घ्यायचा नसतो, तो व्यापारी वाडीत इतका वेळ थांबत नाही. वाटेवरूनच रामराम करून पुढे जातो. गाडीत बसल्यावर मी मनाशी हिशेब केला. मार्क बघितले, कारकुनाचं ऐकलं, मुलाखतीचा वेळ बघितला. माझा अंदाज आला दहा आणे. कदाचित अकरा.

जनूची नात सध्या मोठमोठ्या व्यवस्थापनाच्या कॉलेजांसाठी परीक्षा देते आहे. परवा ती घरी आली होती. तिच्या फोनवर मार्क भरले की तो सांगतो, या कॉलेजात जागा मिळायची शक्यता इतकी टक्के, त्या कॉलेजात तितकी. तिनं मला दाखवलं. मी विचारलं, आणि याचा अंदाज चुकला तर? ती म्हणाली, "यमूआजी, चुकला तर माझं नुकसान. याला काय होणार?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग तिनं विचारलं, तू का एवढी बघतेस त्याच्याकडे? मी म्हटलं, डोळ्यांना दिसत नाही म्हणून.

मुंबईहून परतलो त्या रात्री जेवायला केळफुलाची भाजी आणि भाकरी होती. जनू मान खाली घालून जेवत होता. आई वाढत होती. अण्णांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि नेहमी वाडीतून आल्यावर विचारायचे तसंच विचारलं, "यमू, किती आणे?"

मी म्हटलं, "दोन."

"दोनच?"

"तिथली मुलं बघितलीत ना तुम्ही? बूट, मोटारी, इंग्रजी. दोन म्हणजेसुद्धा जास्तच."

"कोणी काही बोललं का तिथं? कोणाला विचारलंस?"

"नाही."

बस्स, एवढंच बोलणं झालं. जनूनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला, "ताई म्हणते तर तसंच असेल." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. आईनं त्याला पुन्हा भाजी वाढली, तो नको म्हणाला नाही.

मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं की हे मी का केलं. लग्नासाठी? पाटीसाठी? त्या व्हरांड्यात मी खरंच घाबरले होते, हेही खोटं नाही. वाटेकडची ओळ बघून सबंध बागेचा भाव करणाऱ्या व्यापाऱ्याला मी हसायचे, आणि तिथं गेल्यावर पहिल्यांदा मलाही बूटच दिसले. पण ते क्षणभर. कारकुनानं सांगितल्यावर माझे डोळे उघडले होते. उघड्या डोळ्यांनी मी दोन आणे म्हटलं. तेव्हा घाबरले होते म्हणून पळवाट काढायची सोय मला नाही.

सोमवारी जनू ठाण्याला जाऊन सर्टिफिकेट देऊन आला, मंगळवारी शाळेत रुजू झाला. गुरुवारी यादी लागली असणार. मी त्या दिवशी सकाळपासून कोठी सारवत होते. दुपारी जनू शाळेतून आला आणि म्हणाला, आज यादी लागली असेल, नाही का? मी म्हटलं, असेल. तो हात धुवून रहाटाकडे गेला. पाऊस असल्यामुळे रहाट बंद होता. तरी तो तिथं जाऊन बसला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी संध्याकाळी मला भूक लागली आणि मी पोटभर जेवले, हेही आठवतं.

रविवारी सकाळी मास्तर चिखलातून सायकल ढकलत आले. पापडीच्या एका मुलानं स्वतःचं नाव बघायला म्हणून जाऊन यादी पाहिली होती आणि त्यांना येऊन सांगितलं होतं. मास्तर पडवीत चढलेसुद्धा नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "अरे जनार्दन, तुझं नाव सातवं होतं. तुम्ही कोणीच कसे गेला नाहीत?" जनू मास्तरांकडे बघत राहिला. आईनं दाराची चौकट धरली. अण्णांनी जनूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मारीमावशी टोपली घेऊन आली होती, तिला धड काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सातवा म्हंजे पास ना? मंग रडता कशाला?" तिनं मासे न विकताच टोपली डोक्यावर घेतली.

मास्तर हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, उद्या मी स्वतः जनूला घेऊन जातो, ठाण्याहून सर्टिफिकेट परत आणता येईल असं सांगतो, हातापाया पडतो. आणि मग म्हणाले, तिथल्या कचेरीतल्या माणसांना विचारतो, तुम्हाला कोणी सांगितलं कसं नाही. तो कारकून टेबलाशी असणार. तो म्हणणार, मी तर याच्या बहिणीला दोनदा सांगितलं, पुडी अजून खणात आहे.

म्हणून मी सोमवारी सबंध दिवस पडवीत बसून ते मागणं मागत होते.

दिवे लागायच्या वेळेला ते आले. मास्तर ओट्यावर बसले, आईनं पाणी दिलं. त्यांनी सांगितलं, जागा शनिवारी संध्याकाळीच खालच्या मुलाला गेली. प्रिन्सिपॉल भेटले, चांगले बोलले, पण इलाज नाही म्हणाले. आणि टेबलाशी? मी ते विचारलं नाही, अण्णांनी विचारलं. मास्तर म्हणाले, टेबलाशी कोणी नवाच माणूस होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. समोर माझा भाऊ भिजलेला, अण्णांच्याच कोटात बसलेला, आणि मला सुटल्यासारखं झालं. मी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला. जनूच्या कपात साखर जास्त घातली. त्यानं घोट घेऊन म्हटलं, "ताई, गोड झाला गं." तेवढंच तो त्या दिवशी बोलला.

पुढच्या मार्गशीर्षात माझं लग्न झालं. जनू लग्नात धावपळ करत होता, पंगतीत वाढत होता. अण्णांनी मला पुन्हा कधी कशाचा अंदाज विचारला नाही. माहेरपणाला गेले की ते एकटेच वाडीतून फेरी मारून यायचे, काठी टेकत, आणि आल्यावर बागेचं काही बोलायचे नाहीत. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, मला माहीत नाही. जनू शिक्षकच राहिला, पुढे हेडमास्तर झाला. गावातल्या कितीतरी मुलांची गणितं त्यानं घेतली. लोक त्याला मानायचे. तो सुखी होता की नव्हता, हे सांगायचा हक्क मला नाही. मी त्या विषयात एकदा बोलले आहे.

तो निवृत्त झाला त्या वर्षी मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या घरी, दुपारी, त्याची बायको झोपली होती. कारकून, पुडी, गुरुवार, दहा आणे, सगळं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग आता कशाला सांगितलंस?" खरं उत्तर होतं, की मला हलकं व्हायचं होतं. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. पायाला लागलं आहे असा निरोप पाठवला. मी ताट वाढून ठेवलं होतं, ते संध्याकाळी गाईला घातलं. पुढच्या वर्षी आला, ओवाळून घेतलं, जेवला, माझ्या नातवाला पाढे विचारले. त्या गोष्टीचा शब्द त्यानंही काढला नाही, मीही नाही.

आई माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी गेली. अण्णा त्यानंतर दोन पावसाळे राहिले. मास्तर केव्हा गेले ते मला कळलंही नाही, मी तेव्हा आगाशीला होते. जनूला जाऊन सहा वर्षं झाली. त्या घरातली आता मी एकटी उरले आहे.